खाडीचा चिखल नंतर, आधी तलावाचा गाळ

ऑक्सिजनऐवजी लोह वापरून, म्हणजे फेरिक (गंजातल्या) लोहाचं फेरस (एक इलेक्ट्रॉन जास्त असलेलं) करून जगणारे जीवाणू तुला ठाण्यात वाढवायचेत, हे वाचून फार आनंद झाला. नक्की जमेल.

फक्त सुरुवात ठाणे खाडीच्या चिखलाने करू नकोस. खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर. त्यावर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि तो वायूच, लोहावर जगणाऱ्या जीवाणूंशिवाय, फेरिक लोहाचं फेरस करून टाकतो. बाटली काळी पडते, सडक्या अंड्यांचा वास येतो आणि नवशिक्याला वाटतं, जमलं! त्यापेक्षा गोड्या तलावाच्या तळाचा गाळ घे.

मग एवढं सांभाळ:
- लोह ताजं हवं. फेरिक क्लोराइडमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ७ वर आण, खाली बसलेला तांबूस साका धुऊन वापर. खिळ्यांचा जुना गंज फार हळू बदलतो.
- अन्न म्हणून थोडं सोडियम ॲसिटेट. साखर नको, आंबवणारे जीवाणू माजतात.
- बाटली काठोकाठ भर आणि सारखी उघडू नकोस. हवा शिरली की फेरसचं परत फेरिक.
- गाळ घातलेली अशीच एक बाटली ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने जीवाणू मारून) शेजारी ठेव. तीही बदलली तर काम जीवाणूंचं नाही.

साका काळा झाला की बाहेरून लोहचुंबक फिरव. काळे कण काचेला चिकटून मागोमाग सरकले तर ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय खनिज. अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातल्या जीवाणूंनी हेच केल्याचं १९८७ साली प्रसिद्ध झालं. शुद्ध कल्चरचं, म्हणजे एकाच जातीचे जीवाणू वेगळे वाढवण्याचं, नंतर बघू.