टोकन देण्याआधी

बाळा,

विलेपार्ल्याच्या फ्लॅटचे फोटो पाहिले. उजेड छान आहे, तुला घर आवडलंय हेही कळलं. पण टोकन, म्हणजे सौदा धरून ठेवायची आगाऊ रक्कम, देऊ नकोस अजून. तू घर पाहिलंस, इमारत पाहिलेली नाहीस. फरशी, वायरिंग, नळ आपल्या पैशाने हवे तेव्हा बदलता येतात. कॉलम सडले असतील तर मात्र सगळ्या सभासदांनी मिळून पैसे काढावे लागतात, आणि काल आलेला सभासदही त्यातून सुटत नाही.

इमारत चाळीस वर्षांची आहे म्हणालास. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 353ब नुसार तीस वर्षांवरच्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी व्हावी लागते. सेक्रेटरींकडे तो ऑडिट रिपोर्ट माग. सी-1 शेरा असेल तर इमारत रिकामी करून पाडायची आहे; तिथे विषयच संपला. सी-2 ए असो की सी-2 बी, मोठी दुरुस्ती ठरलेली. सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. 'ऑडिट झालंय, काही निघालं नाही' या तोंडी उत्तरावर विसंबू नकोस.

मग खाली पार्किंगमध्ये जाऊन कॉलमचे कोपरे बघ. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते, म्हणून चीर सळईच्या रेषेत उभी पडते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे लवकर होतं. प्लास्टरवरच्या बारीक जाळीला घाबरू नकोस. उभी चीर, गंजाचे तपकिरी ओघळ, किंवा एखाद्याच कॉलमला नुकतंच केलेलं प्लास्टर दिसलं, तर स्वतःचा इंजिनिअर घेऊन जा. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

आणखी एक कर, फार कमी लोक करतात. खालच्या मजल्यावर विनंती करून त्यांच्या बाथरूमचं छत बघून ये. तुझ्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग कसं आहे ते तिथेच कळतं. सोसायटीच्या नियमांप्रमाणे, म्हणजे उपविधींप्रमाणे, गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, पण संडास-बाथरूमची त्या-त्या सभासदाने. म्हणजे जुन्या मालकाची गळती तुझ्या गळ्यात. तू घेतोयस त्या घराच्या बाथरूमला फॉल्स सीलिंग असेल तर वरच्या घराची गळती त्यामागे झाकली जाते; तेही एका जागी उघडून दाखवायला सांग. शक्य झालं तर हे सगळं भर जुलैत बघ.

कागदांमध्ये ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद) आणि पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे वकिलाला दाखव. कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीला देणारं खत, झालंय का, हे मुद्दाम विचार. नसेल तर जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही.

सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटी साठवते त्या निधीत, किती शिल्लक आहे तेही बघ. किमान वर्गणी वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्का, आणि तोही इमारत बांधली तेव्हाचा खर्च. एवढ्यात आजची मोठी दुरुस्ती होत नाही. मागच्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचायला मिळाली तर काय येऊ घातलंय ते कळेल.

एजंट रिडेव्हलपमेंटचं गाजर दाखवेलच. पार्ल्यात विमानतळामुळे उंचीवर मर्यादा आहे. बिल्डर कमावतो ते वाढीव मजले विकून; ते वाढवता येत नसतील तर तो का येईल? त्या आशेपोटी एक रुपयाही जास्त मोजू नकोस.

ऑडिट रिपोर्ट हाती आला की मला पाठव, शेवटच्या तक्त्यांसकट. नुसतं पहिलं पान नको.

तुझा,
काका