रॉकेट परत येतं तेव्हा कॅमेरा कुठं रोखायचा?

गेल्या अंकात मी फ्लोरिडातल्या मुक्कामाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. रॉकेटचा पहिला टप्पा आकाशातून परत येऊन जमिनीवर उभा राहताना पाहिला, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आली की लग्नाचे अल्बम आणि जुन्या निगेटिव्ह यांचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवले आहेत. मिरजेत चौतीस वर्षं स्टुडिओ चालवला, पण कॅमेऱ्यामागं उभं राहून हात थरथरला तो त्या एका रात्रीच. त्यामुळं उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं जानेवारीत मुलीकडं ऑरलँडोला जाणार आहोत. आमचे व्याही तिथं एक प्रक्षेपण पाहून आले, पण रॉकेट गेलं ते गेलंच, परत काही आलं नाही असं म्हणाले. आम्हाला ते उतरताना पाहायचं आहे आणि चित्रीकरणही करायचं आहे. माझ्याकडं जुना डीएसएलआर, 55-250ची लेन्स आणि फोन आहे. काय तयारी करू?
(एक वाचक, संगमनेर)

तुमच्या व्याह्यांचं काही चुकलं नाही. रॉकेट परत आलं असणार, फक्त किनाऱ्यावर आलं नसणार. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन 9 रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे बूस्टर, दोन ठिकाणी उतरतो. भार जड असेल, इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांचा असतो तसा, तर परत फिरण्याइतकं इंधन उरत नाही. मग तो अटलांटिकमध्ये शेकडो किलोमीटर आत उभ्या असलेल्या, माणूस नसलेल्या तराफ्यावर उतरतो आणि किनाऱ्यावरून त्यातलं काहीही दिसत नाही. भार हलका असेल तर तो हवेतच उलटा वळतो, इंजिनं पेटवून किनाऱ्याकडं येतो आणि जमिनीवर उतरतो. अंतराळ स्थानकाकडं माणसं किंवा सामान नेणाऱ्या ड्रॅगन यानांच्या बऱ्याच उड्डाणांत बूस्टर असा जमिनीवर परततो. मे महिन्यात मीही एकदा हे न पाहता गेलो आणि तीन तास किनाऱ्यावर बसून नुसतं उड्डाण पाहून आलो. म्हणून तारीख पाहण्याआधी ‘बूस्टर कुठं उतरणार’ हे पाहा. ते आधी जाहीर होतं.

जागेचं सांगतो. मी होतो तेव्हा बूस्टर केप कॅनाव्हरलच्या लँडिंग झोन 1 या जागेवर उतरत. 21 डिसेंबर 2015च्या रात्री फाल्कन 9चा बूस्टर पहिल्यांदा जमिनीवर उतरला तोही तिथंच. पोर्ट कॅनाव्हरलच्या जेटी पार्कपासून ती जागा सुमारे 10 किलोमीटर. ऑगस्ट 2025मध्ये क्रू-11 या माणसं नेणाऱ्या उड्डाणाचा बूस्टर उतरल्यावर मात्र तिचा वापर थांबला आणि प्रक्षेपणतळ 40च्या शेजारी उतरण्याची नवी जागा झाली. जेटी पार्कपासून तो तळ साधारण 17 किलोमीटरवर पडतो. तेव्हा नकाशा उघडून तुमचं अंतर मोजा, कारण लेन्सचा सगळा हिशेब त्यावर आहे.

तो हिशेब असा. बूस्टरची उंची सुमारे 42 मीटर, म्हणजे चौदा मजली इमारतीएवढी. पण 10 किलोमीटरवरून ही इमारत पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या उंचीची दिसते आणि 17 किलोमीटरवरून चंद्राच्या पाव हिश्शाहून थोडी जास्त. तुमची 55-250 पूर्ण ताणली तरी 10 किलोमीटरवरचा बूस्टर चौकटीच्या उंचीच्या चौदाव्या हिश्शात मावेल. इंटरनेटवर दिसतात तसे पाय उघडतानाचे जवळचे फोटो तुमच्या कॅमेऱ्यातून येणार नाहीत, ते मनातून काढून टाका. ज्वाळा येईल, तिचा प्रकाश ढगांवर पडलेला येईल, खाली उठणारा धूर येईल. तेवढं भरपूर आहे. फोनवर तर तो ठिपकाच दिसेल, त्यामुळं फोन बूस्टरसाठी वापरूच नका. तो कशासाठी वापरायचा ते पुढं सांगतो.

आता माझी चूक, म्हणजे तुमची टळेल. 21 एप्रिल 2025च्या पहाटे सव्वाचारला मालवाहू ड्रॅगनचं उड्डाण होतं. मुलगा आणि मी एक वाजताच जाऊन जागा धरली होती. मी ऑटोफोकस चालू ठेवला. काळ्या आकाशात कॅमेऱ्याला पकडायला काही नव्हतं, लेन्स मागं-पुढं घुरघुरत राहिली आणि बूस्टर उतरला तेव्हा माझ्या चित्रफितीत केशरी रंगाचा एक फुगा तेवढा होता. चौतीस वर्षांचा अनुभव असून मी हे केलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्यानंतर स्टुडिओतली जुनी सवय परत धरली. पोचल्यावर लांबच्या तळावरच्या दिव्यावर किंवा एखाद्या ताऱ्यावर फोकस साधायचा, स्क्रीनवर मोठं करून पाहायचं, मग ऑटोफोकस बंद करून फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी लावायची. ट्रायपॉडवर असताना लेन्समधला स्थिरीकरणाचा खटका बंद ठेवायचा. आयएसओ, अ‍ॅपर्चर आणि शटर तिन्ही हाताने ठरवायचे. रात्री मी आयएसओ 800, शटर 1/60 ठेवतो. स्थिर फोटोत ज्वाळेची पूर्ण रेघ हवी असेल तर आयएसओ 100, एफ 11 आणि शटर अर्धा मिनिट उघडं.

शेवटी वेळेचा हिशेब. हा तोंडपाठ करा, कारण आकाश खूप मोठं असतं आणि लोक चुकीच्या बाजूला पाहत राहतात. उड्डाणानंतर साधारण अडीच मिनिटांनी दोन टप्पे वेगळे होतात. लगेच बूस्टर उलटा वळून इंजिनं पेटवतो. आकाश स्वच्छ असेल तर त्या उंचीवर निळसर धुराचे फुगे एकमेकांत मिसळताना दिसतात. मग सगळं विझतं. काही मिनिटं काहीच दिसत नाही आणि इथंच माणसं खुर्च्या आवरायला लागतात. तुम्ही आवरू नका. सहा मिनिटांनंतर उंचावर पुन्हा ज्वाळा पेटते, कारण दाट हवेत शिरण्याआधी वेग मारावा लागतो. ती विझते, पुन्हा अंधार. आणि साधारण सव्वासातव्या मिनिटाला शेवटची ज्वाळा, तीही एकाच इंजिनाची. कॅमेरा मात्र सहाव्या मिनिटाच्या आधीच उतरण्याच्या जागेवर रोखून, वर भरपूर आकाश सोडून, स्थिर ठेवा. पाठलाग करू नका.

या शेवटच्या ज्वाळेला सगळे ‘गेलं, आपटलं’ म्हणून ओरडतात. तसं वाटायला कारण आहे. रिकामा झालेला बूस्टर इतका हलका असतो की त्याचं एक इंजिन अगदी मंद केलं तरी त्याचा जोर बूस्टरच्या वजनाहून जास्त भरतो. म्हणजे हेलिकॉप्टरसारखं हवेत थांबून जागा बघायची सोयच नाही. वेग शून्य होण्याचा क्षण आणि जमीन लागण्याचा क्षण एकच यावा लागतो. थोडं आधी झालं तर तो पुन्हा वर उचलला जाईल, उशीर झाला तर आपटेल. पायसुद्धा अगदी शेवटच्या काही सेकंदांत उघडतात. मी ते डोळ्यांनी पाहिलं तेव्हा शेजारी उभ्या सुनेचा हात घट्ट धरला होता, हे नंतर तिनं सांगितलं.

मी नववीत आहे. रॉकेट उतरल्यावर व्हिडिओत तीन वेळा ‘धडाम’ असा आवाज येतो. काही फुटतं का? आणि तो उतरल्यानंतर का येतो?
(एक विद्यार्थी, चाळीसगाव)

काही फुटत नाही, बाळा. बूस्टर आवाजापेक्षा जास्त वेगानं खाली येत असतो. समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाते आणि त्या दाबाची लाट जमिनीपर्यंत पोचते. स्वनातीत विमानाचे असे दोन धडाके ऐकू येतात, एक पुढच्या टोकाचा आणि एक मागच्या. बूस्टर इंजिनांची बाजू खाली करून येतो आणि वरच्या बाजूला त्याचे चार जाळीदार पंख उघडलेले असतात. खिडकीच्या जाळीसारखे दिसतात ते. दिशा सांभाळायचं काम त्यांचं. तिसऱ्या धडाक्यात या पंखांचा हात असतो.

उशिराचं उत्तर तुला पावसाळ्यात सापडेल. वीज चमकल्यावर आपण गडगडाटापर्यंत आकडे मोजतो की नाही? आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. धडाके बूस्टर काही किलोमीटर उंचीवर असतानाच तयार होतात, पण आपल्यापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागतो. तेवढ्यात बूस्टर जमिनीवर टेकून मोकळा झालेला असतो. 25 जून 2025ला मी किनाऱ्यावर, उतरण्याच्या जागेपासून 12 किलोमीटरवर होतो. ज्वाळा विझली तेव्हा मोजायला सुरुवात केली. वीसच्या पुढं गेल्यावर ‘धड-धड-धड’ असे तीन ठोके एकापाठोपाठ आले, छातीत जाणवले आणि मागच्या इमारतीतल्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. तुझ्या विज्ञानाच्या वहीत 12ला 3नं गुणून बघ. उत्तर 36 येतं आणि मी मोजले वीस-बावीस. फरक का पडला, ते वर ‘उंचीवर असतानाच’ असं लिहिलं आहे त्यावरून तूच शोध आणि मला पत्र लिही.

ती तारीख तुला माहीत असेल. शुभांशू शुक्ला त्याच उड्डाणानं गेले. फ्लोरिडात रात्रीचे 2 वाजून 31 मिनिटं झाली होती, मिरजेत दुपारचे 12 वाजून 1 मिनिट. ते उड्डाण मे अखेरपासून पुढं पुढं ढकललं जात होतं. मध्ये एकदा तर बूस्टरमध्येच द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. आमचं परतीचं तिकीट 15 जूनचं होतं, ते आम्ही दोनदा बदललं. माझा धाकटा भाऊ मिरजेतून फोनवर होता आणि टीव्हीवर शुक्लांचं यान वर जाताना बघत होता. मी त्याला म्हणालो, ‘आता तू वर बघ, मी खाली बघतो.’

हे भारतात कुठं पाहता येईल?
(एक वाचक, नागपूर)

उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचा बूस्टर असा उभा उतरताना आपल्याकडं अजून पाहता येत नाही. श्रीहरिकोट्याहून जाणाऱ्या आपल्या रॉकेटांचे खालचे टप्पे समुद्रात पडतात. इस्रोनं वेगळ्या वाटेनंही काम सुरू ठेवलं आहे. ‘पुष्पक’ हे पंख असलेलं यान 2023 आणि 2024मध्ये मिळून तीन वेळा कर्नाटकात चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं आणि तिन्ही वेळा ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. पुन्हा वापरता येईल असा पहिला टप्पा असलेल्या नव्या रॉकेटला सप्टेंबर 2024मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली आहे. तोवर श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षकसज्जातून एक उड्डाण जरूर पाहा. आधी नोंदणी करावी लागते, जवळचं स्टेशन सुल्लुरुपेटा. वर सांगितलेला फोकसचा आणि चिकटपट्टीचा भाग तिथंही जसाच्या तसा उपयोगी पडेल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. जून 2024मध्ये फाल्कन हेवीचं, म्हणजे तीन बूस्टर शेजारी जोडलेल्या रॉकेटचं, उड्डाण टायटसव्हिलच्या नदीकाठावरून पाहिलं. दोन्ही बाजूचे बूस्टर एकदमच उतरताना छान आले आहेत. पण आवाज सव्वा मिनिटानं येतो आणि मध्ये नुसतं धुराचं चित्र आहे. त्यात माझा पाच वर्षांचा मुलगा सारखा ‘संपलं का? संपलं का?’ विचारतोय. संपादनात आवाज पुढं आणून जुळवावा आणि मधला भाग कापावा असं नवरा म्हणतो. तुमचं मत?
(एक वाचक)

नका, ताई. कृपा करून नका.

गोज-यू हा हवामान उपग्रह त्या दिवशी गेला. टायटसव्हिलपासून ते बूस्टर उतरले ती जागा जवळजवळ 29 किलोमीटर आहे. तुमच्या चित्रफितीतला सव्वा मिनिट म्हणजे ते अंतर आहे, नदी, पलीकडचं बेट आणि खारफुटी धरून. आवाज पुढं ओढला की तुम्ही तिथं उभ्याच नव्हता असं होईल. जवळून काढलेली, आवाज जुळलेली चित्रं कंपनीच्या थेट प्रसारणात हवी तेवढी आहेत. तुमच्या काठावरून ती घटना कशी आली, ते फक्त तुमच्याकडं आहे.

संगमनेरच्या वाचकांना फोनचं सांगतो म्हणालो होतो, ते हेच. फोन आडवा करून आपल्या माणसांकडं तोंड करून ठेवा आणि उड्डाणाआधी चालू करून विसरून जा. धडाक्याला फोनचा माइक फाटतो, तेव्हा आवाजाची पातळी हाताने कमी करता येणारं अ‍ॅप असेल तर ते घ्या. माझ्या 25 जूनच्या फोनमध्ये बूस्टर नाहीच. त्यात सून, मुलगा आणि अनोळखी माणसांची एक रांग आहे. आधी सगळ्यांचे चेहरे केशरी होतात, मग काळे. मग कोणीतरी टाळ्या वाजवतं, कोणी गप्प करतं, आणि त्या वीस-बावीस सेकंदांत लाटांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. कॅमेऱ्यातल्या चित्रापेक्षा मी हेच जास्त वेळा लावतो.

ताई, तुमच्याकडं तर एकामागोमाग दोन बूस्टरांचे धडाके आहेत. मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि मुलाचा शेवटचा ‘संपलं का?’ आणि पहिला धडाका यांच्यामध्ये किती सेकंद आहेत ते मोजून मला कळवा.