रेल्वेच्या जुन्या वस्तू: भाव विचारायच्या आधी हे वाचा

दर वेळी तेच. अंधारात काढलेला एक फोटो आणि खाली 'सर याचे किती येतील?' फोटोवरून मी भाव सांगत नाही आणि जो सांगतो त्याच्याकडून काही घेऊही नका. तरी काही प्रश्न घेतोय, कारण गोंधळ सगळ्यांचा सारखाच आहे.

आजोबांच्या ट्रंकेत पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं सापडली, त्यावर सेंट्रल रेल्वे आणि थर्ड क्लास छापलंय. किती जुनी असतील? किंमत येईल का?

सेंट्रल रेल्वे झाली 5 नोव्हेंबर 1951 ला आणि थर्ड क्लास बंद झाला 1974 मध्ये, म्हणजे तिकिटं या मधली. नेहमीच्या स्टेशनांची असतील तर चहापाण्याचे पैसे सुटतील, जास्त नाही. जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, सेंट्रलच्या आधीची) काळातलं असेल, बंद पडलेल्या लाइनचं असेल किंवा नंबर 0000 असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी संग्राहक आपापसात भांडतात. कुर्डुवाडीकडचे कोणी वाचत असाल तर बार्शी लाइट रेल्वेची (1897 ची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची) तिकिटं जपून ठेवा. लॅमिनेट मात्र करू नका, एकदा केलं की संपलं. गठ्ठा मोठा असेल तर सुटी सुटी विकायच्या आधी जाणत्याला पूर्ण दाखवा.

पितळी वस्तू पॉलिश करून विकली तर भाव जास्त येतो का?

नाही. ब्रासो खाली ठेवा.

ऑनलाइन पितळी कंदील घेतला, त्यावर 'जीआयपीआर 1853' असा ठसा आहे. विकणारा म्हणाला पहिल्या गाडीच्या वेळचा. 18 हजार दिले, आता तीन महिने झाले. बरोबर दिले ना?

तीन महिने का थांबलात? माल परत करायची मुदत असताना विचारलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

आता नीट ऐका. पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. त्या दिवसाचा कंदील तुम्हाला मोबाइलवर सापडतो आणि म्युझियमवाल्यांना सापडत नाही, असं कसं होईल? असे कंदील आज नवे बनतात. शोभेची वस्तू म्हणून विकले तर माझी काही तक्रार नाही, काम चांगलं असतं, पण त्यावर रेल्वेचं नाव ठोकायचं, ॲसिडने काळं करायचं, मातीत पुरून हिरवट करायचं आणि 'अँटिक' म्हणायचं ही सरळ लबाडी आहे. मीही सुरुवातीला असाच फसलोय, एका दुकानदाराने 'गार्डच्या घरातून आणला' म्हणून गळ्यात मारला आणि मी घासाघीससुद्धा केली नाही, अजून कपाटावर आहे, अक्कलखाती.

बघायचं काय? कामाचे हातकंदील बहुतेक पत्र्याचे, काळा रंग दिलेले, ठिकठिकाणी चेपलेले, कारण ते फलाटावर आपटायला होते, दिवाणखान्यात ठेवायला नाही. सगळं पितळ चमकतंय तर आधी शंका घ्या. मग काच बघा. रॉकेलची ज्योत पिवळी असते, म्हणून हिरव्या सिग्नलची काच मुद्दाम निळसर असायची, पिवळ्या उजेडात ती हिरवी दिसते. नकली कंदिलात सरळ पोपटी काच किंवा प्लॅस्टिक असतं. आत बोट फिरवा, वर धूर जायला वाट आहे का, जुनी काजळी आहे का, बर्नर काढून परत नीट बसतो का. ठशात बनवणाऱ्याचं नाव किंवा डेपो, स्टेशन असं काही असलं तर पुढे बोलू. वर्ष मोठ्ठं आणि बनवणारा गायब असला की सोडून द्या. विक्रेत्याने स्वतः छापलेलं 'खरेपणाचं सर्टिफिकेट' म्हणजे त्याचंच बिल, फक्त जाड कागदावर.

आणि भावाचं, ईबेवर कोणी अमुक किंमत 'मागतोय' हा भाव नसतो. विकल्या गेलेल्या वस्तूंचं फिल्टर असतं, ते लावून बघा. मागायला काय, मी पण ताजमहालाचे मागीन.

तुमचा कंदील हातात घेतल्याशिवाय नकली आहे असं मी लिहून देणार नाही. पण एखाद्या जुन्या संग्राहकाला या आठवड्यात दाखवा, आणि विक्रेत्याशी झालेले मेसेज डिलीट करू नका.

वडील स्टेशन मास्तर होते, घरात स्टेशनचं नाव कोरलेला टोकनचा गोळा आहे. सगळ्यांकडे असतो म्हणतात. विकू का?

'सगळ्यांकडे असतो' हे कोर्टात चालत नाही. एकेरी मार्गावर हा गोळा ड्रायव्हरच्या हातात असेल तरच गाडी पुढच्या सेक्शनमध्ये जायची, म्हणजे ही सुरक्षेची वस्तू. 1966 च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात, वस्तू चोरीची असल्याचा रास्त संशय आला तर ती रीतसर आली हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, नाहीतर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिलावाची पावती, निवृत्तीच्या वेळचं पत्र, काहीतरी कागद शोधा आणि वकिलाला दाखवा, तोपर्यंत फोटो कुठे टाकू नका. कागद असेल तर वस्तूचा भाव चढतो, नसेल तर शहाणा गिऱ्हाईक मोडीच्या भावातसुद्धा हात लावत नाही.

खिशातलं घड्याळ, डायलवर जीआयपीआर, अक्षरं एकदम ताजी. खरं?

डायल परत रंगवलेली दिसते. घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या, मग बोलू.

भाच्याला अमेरिकेत जुनी रेल्वेची पाटी पाठवायची आहे, कुरियरवाला म्हणतो चालतं.

कुरियरवाल्याला विचारून कायदा ठरत नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाटी तेवढी जुनी नाही असं वाटत असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्या.

माळ्यावर पत्र्याचा डबा आहे, आत रुळावर लावायचे धुक्यातले फटाके, दहाबारा. याला भाव आहे?

ते डिटोनेटर आहेत, आत स्फोटक असतं आणि जुनं झालं की त्याचा भरवसा नाही. डबा हलवू नका, उघडू नका, मुलांना खाली न्या आणि पोलिसांना फोन करा. मला परत मेल करत बसू नका, फोन आधी.