बागकामाच्या ग्रुपवर प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही, तर पुन्हा विचारणं बरं दिसतं का?

खुशाल विचारा. लातूरला गच्चीवरच्या कुंडीतल्या लिंबाची पानं पिवळी पडतायत असं तुम्ही टाकलं, आठवडा झाला तरी कोणी हूं की चूं केलं नाही, म्हणून संकोच वाटतोय. संकोच सोडा. फक्त तोच मेसेज ‘कुणी सांगेल का प्लीज’ जोडून परत टाकू नका.

मी जालन्याकडचा मोसंबीवाला, अशा ग्रुपांत बऱ्यापैकी पडीक असतो. आम्ही गप्प बसतो ते शिष्टपणा म्हणून नाही. नुसत्या ‘पानं पिवळी’वर सांगायचं काय? बहार धरायचा, म्हणजे झाडाला एकदम फुलं आणायची, म्हणून आम्ही पाणी तोडून बागेला ताण देतो, तेव्हा पानं पिवळी पडून गळतात आणि तेच आम्हाला हवं असतं. उलट कुंडीत रोज पाणी ओतून मुळं गुदमरली तरी पानं पिवळीच पडतात. आता तुम्हाला पाणी वाढवा म्हणू की कमी करा?

म्हणून आधी फांदी हातात घेऊन नीट बघा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अगदी जाळी काढल्यासारख्या, असं असेल तर बहुधा लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं आधी सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राकडे संशय जातो. पहिला प्रकार आपल्याकडे फार. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, त्यात बोअरचं जड पाणी. तिथे साधं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलं तर तेही अडकून बसतं. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात फवारलेलं बरं. पानावर चंदेरी नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी, तो प्रश्नच वेगळा.

फोटो दिवसाउजेडी काढा, ट्यूबलाइटखाली सगळीच पानं आजारी दिसतात. एक पानाच्या वरून, एक खालून, एक अख्ख्या झाडाचा. ज्याला जास्त कळतं त्याला रात्री अकराला पर्सनलवर गाठू नका. आणि जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत विचारलं असेल तर आठवडाभर शांतता राहणारच, तेव्हा निम्मा ग्रुप शेतात असतो.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. उत्तर मिळालं की माणूस गायब! झाड सुधारलं की मेलं, एवढं तरी कळवावं. सांगणाऱ्यालाही आपलं बरोबर होतं का ते कळतं, आणि पुढच्या खेपेला तो आपणहून बोलतो.

आता असं लिहून बघा: ‘मागे विचारलं होतं, आता माहिती जोडतोय. कागदी लिंबू, कुंडीत, गच्चीवर दिवसभर ऊन. बोअरचं पाणी, एक दिवसाआड. महिन्यापूर्वी शेणखत घातलं. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. फोटो खाली.’ यातलं जे तुमच्याकडे नसेल ते बदला. एवढं करूनही कोणी बोललं नाही, तर पानांसकट एक ताजी डहाळी पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्या, नाहीतर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन लावा. तिथेही पहिला प्रश्न हाच येईल: कोवळी पानं की जुनी?