वाचकांचे प्रश्न : नील बेटावर एक दिवस, कमी खर्चात

प्रश्न : डिसेंबरअखेर आम्ही दोघं अंदमानला जाणार आहोत. नील बेटावर दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस हातात आहे. रिक्षावाल्यांचं ‘सगळे पॉइंट’ पॅकेज न घेता, स्वस्तात बेट कसं बघावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सायकल घ्या. नील (2018 पासून अधिकृत नाव शहीद द्वीप) या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पाच-सहा किलोमीटर आहे आणि रस्ता बहुतेक सपाट. बाजारात दिवसाला साधारण 100 ते 200 रुपयांत सायकल मिळते. आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या. ब्रेक, सीटची उंची आणि टायरमधली हवा तिथेच तपासा, कारण सीतापूरच्या (सूर्योदय बघायचा किनारा) वाटेवर पंक्चर झालं तर सायकल ढकलतच परतावं लागतं. सोबत टॉर्च हवा.

पॅकेजमध्ये पैशांपेक्षा मोठा तोटा वेळेचा आहे. गाडी ठरलेल्या क्रमाने फिरते, समुद्र मात्र त्या क्रमाने चालत नाही. लक्ष्मणपूर-2 या किनाऱ्यावरचा खडकाचा नैसर्गिक पूल (तिथले बंगाली रहिवासी त्याला हावडा ब्रिज म्हणतात) ओहोटीलाच गाठता येतो. भरतपूरच्या किनाऱ्यावर उलट : पूर्ण ओहोटीला पोवळी उघडी पडतात, पोहता येत नाही आणि पाय कापतात. तिथे अर्धी भरती तरी हवी. म्हणून आधी पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि मग दिवस आखा. कोकणातलं ‘तिथीची पाऊणपट’ (तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ) हे गणित तिथे लावू नका, भरतीची वेळ वेगळी पडते. रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकणं मात्र तिथेही तसंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण (मोठी भरती-ओहोटी) असतं, तेव्हा ओहोटीला पाणी खूप आत जातं. अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती-ओहोटी) असतो, पाणी फारसं हटत नाही आणि पुलाजवळची डबकी नीट दिसत नाहीत.

समजा ओहोटी दुपारी तीनला आहे. मग भरती नऊच्या सुमारास, म्हणजे सकाळी आठ ते दहा भरतपूर. दीडला लक्ष्मणपूर-2 ला पोहोचा आणि पूल बघून, चार वाजता निघून जवळच्याच लक्ष्मणपूर-1 वर सूर्यास्ताला जा. हा सगळ्यात सोयीचा दिवस. ओहोटी अकराला असेल तर पहाटे सीतापूर, साडेनऊला पूल, अडीचनंतर भरतपूर आणि शेवटी लक्ष्मणपूर-1. ओहोटी सकाळी सहाला आली तर सीतापूरचा सूर्योदय सोडा आणि उजाडताच पूल गाठा. संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत अंधार झालेला असतो. डिसेंबरअखेर तिथे सूर्य पावणेसहाच्या आत उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो, मुंबईपेक्षा तासभर आधी. दुपारी झोप काढली की दिवस गेलाच.

प्रश्न : पुलापर्यंत चालणं कितपत अवघड आहे? आईचं वय 64 आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : अंतर थोडं आहे, दहा-पंधरा मिनिटांचं, पण वाळू संपली की मृत पोवळ्यांचा खडबडीत खडक लागतो आणि त्यावर शेवाळ असतं. साधी चप्पल हमखास घसरते. मागे पट्टा असलेली रबरी सँडल घाला, हातात काठी द्या. हिरवट, चकचकीत भाग टाळून कोरड्या खडबडीत भागावर पाय टाका. वाळूपुढे पाय डगमगले तर आईंनी किनाऱ्यावरच थांबावं. ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत फिरा. परतीची वाट किनाऱ्यालगतच आहे आणि ती आधी पाण्याखाली जाते.

घाई न करता एका डबक्यापाशी बसा. दोन मिनिटं सावली हलली नाही की खेकडे बाहेर येतात, लहान मासे कडेला येतात, तळाशी काळी समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा मऊ प्राणी) दिसू लागते. ती उचलू नका, कोणी हातात दिली तरी घेऊ नका. सगळ्या समुद्रकाकड्या आणि पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला पोवळ्याचा तुकडाही बॅगेत टाकायचा नाही. विमानतळावर सामान तपासतात. दुकानातून परवानगी असलेला शंख घेतलात तर बिल जपून ठेवा.

प्रश्न : बोट, जेवण आणि पैसे यांत कुठे अडतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सरकारी बोट खासगीपेक्षा खूपच स्वस्त, पण तिकिटं लवकर संपतात. तारखा पक्क्या होताच प्रयत्न करा. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच (आता श्री विजयपुरम) काढा. रोख रक्कम तिथूनच न्या, नीलच्या एटीएमवर विसंबू नका. मोबाइलची रेंजही कमजोर असते, तेव्हा ओहोटीचं कोष्टक कागदावर उतरवून ठेवा. जेवणाला बाजारातली भात-माशाची किंवा भात-भाजीची थाळी बरी. भाजी बहुधा बेटावरचीच असते. नीलची भाजी पोर्ट ब्लेअरलाही जाते.