लाज वाटते, म्हणजे प्रेम आटलं का?

पत्र

ताई, गेल्या महिन्यात अंतिम सामन्याआधी टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं. एके काळी ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. या वेळी मी रिमोट हातात धरून बसूनच राहिलो. माझे वडील मात्र खुर्चीच्या हाताला धरून, गुडघे सांभाळत उभे राहिले. माझ्या ११ वर्षांच्या मुलाने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, "बाबा, आपण नाही उभं राहायचं?" मला उत्तर सुचलं नाही. राजकारणात जे चाललंय, माणसं ज्या भाषेत एकमेकांवर तुटून पडतायत, ते बघून मला आपल्या देशाची लाज वाटते. मागच्या निवडणुकीत मी मतदानालाही गेलो नाही. वडील एवढंच बोलले, "चुकला तरी देश आपलाच." तेव्हापासून आमचं बोलणं औषधं आणि वर्तमानपत्र यांपुरतं उरलंय. माझं देशप्रेम आटलं का? मुलाला काय सांगू?

– एक बाप

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. राजकारणावर तुम्ही जेमतेम एक वाक्य लिहिलंय. बाकी सगळं पत्र त्या खोलीतच घडतं. तेव्हा मीही खोलीतच राहून बोलते.

आधी त्या लाजेचं बघू. शेजारच्याचं पोर चारचौघांत वेडंवाकडं वागलं तर आपण फार तर नाक मुरडतो. आपलं पोर तसं वागलं की मान खाली जाते. लाज आपल्याच माणसाची वाटते. देशाशी तुमचं नातं खरंच तुटलं असतं तर तुम्ही चॅनल बदलून मोकळे झाला असता, मला पत्र लिहीत बसला नसता.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी परदेशात आगगाडीत एका सहप्रवाशाने आमच्या पुढाऱ्यांवर एक विनोद केला. तो करत होता ती टीका मी घरी रोज करते, त्याहून तिखट शब्दांत. पण त्याच्या तोंडून ऐकताना माझे कान तापले. पुढचा अर्धा तास मी त्या गृहस्थाशी हुज्जत घातली. गाडीतून उतरल्यावर माझं मलाच हसू आलं. घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच पुढाऱ्यांना पुन्हा शिव्या घातल्या, हेही सांगून टाकते.

लाजेवरून विली ब्रांट आठवतात. हिटलरची सत्ता आल्यावर १९३३ मध्ये हा तरुण जर्मनी सोडून नॉर्वेला गेला आणि तिथून नाझींविरुद्ध काम करत राहिला. १९३८ मध्ये त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं. युद्धानंतर तो परतला, राजकारणात आला, तर १९६१ च्या निवडणुकीत विरोधकांनी हिणवलं: ती बारा वर्षं बाहेर राहून काय करत होता? म्हणजे तुझं देशप्रेम खोटं. पुढे हाच माणूस पश्चिम जर्मनीचा चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला. ७ डिसेंबर १९७० रोजी पोलंडमधल्या वॉर्सामध्ये, ज्यूंनी आपल्या वस्तीत नाझींविरुद्ध केलेल्या उठावाच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहून, त्याच्या फिती सारख्या करून, ब्रांट एकाएकी ओल्या दगडावर गुडघे टेकून बसले. नाझींनी मारलेल्या ज्या ज्यूंसाठी ते गुडघे टेकले होते त्यांच्या हत्येत त्यांचा स्वतःचा काडीचाही हात नव्हता. तरी ती लाज त्यांनी आपली मानली, कारण देश आपला मानला होता. देशात सगळ्यांना ते रुचलं असंही नाही. तेव्हाच्या एका पाहणीत ४८ टक्के लोकांना ते अती वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य.

तेव्हा लाजेची मला धास्ती नाही. धास्ती आहे ती विटाची. लाज वाटणारा माणूस अजून घरातच असतो, कोपऱ्यात तोंड फिरवून का होईना. वीट आलेला उंबरा ओलांडून गेलेला असतो. तुमच्या पत्रात मला विटाची एकच खूण दिसली: मतदानाला न जाणं. राष्ट्रगीताला बसून राहिलात याचं मला फारसं काही वाटलं नाही. घरच्या टीव्हीपुढे कोण उभं राहतं याची नोंद ठेवायला कुणी येत नाही. (मी स्वतः उभी राहते. सरकारं आली नि गेली, गाणं राहिलं, म्हणून.) पण मत न देणं मात्र खटकलं. ज्यांची तुम्हाला लाज वाटते त्यांना तुमच्या घरी बसण्याने काय फरक पडला? झालीच तर सोयच झाली. मतदार यादीत नाव आहे का, ते या आठवड्यात बघून टाका. आणि रात्री अंथरुणात पडून त्या शिवीगाळीच्या चित्रफिती बघत असाल, तर तेवढं थांबवा. माझा अंदाज आहे, बघत असणार.

आता वडिलांचं वाक्य. "चुकला तरी देश आपलाच" या धर्तीचं वाक्य इंग्रजीत फार जुनं आहे, आणि ते बहुतेक वेळा समोरच्याला गप्प करायलाच वापरलं गेलंय. १८७२ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये कार्ल शुर्झ यांनी त्याला पुढचा अर्धा भाग जोडला. हे मूळचे जर्मन, १८४८ च्या क्रांतीत भाग घेऊन देशोधडीला लागलेले. त्यांचं म्हणणं असं: बरोबर असला तर बरोबरच ठेवायचा, चुकला तर सुधारायचा. तुमच्या वडिलांनी पहिला अर्धा भाग म्हटला आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी तुम्ही तळमळताय. मला तरी यात भांडण दिसत नाही.

शिवाय ते कशासाठी उभे राहिले, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? पत्रावरून तरी वाटत नाही. ते सरकारसाठीच उभे राहिले असं तुम्ही परस्पर धरून चाललात. त्या वयाच्या माणसाने तुमच्याहून जास्त सरकारं पाहिलीत, त्यांतली काही त्यांनाही नकोशी झाली असतील. एखाद्या निवडणुकीनंतर त्यांनीही चार दिवस कुणाशी बोलणं टाकलं असेल, कुणी सांगावं. विचारा त्यांना. मुलाला शेजारी बसवून विचारा, म्हणजे त्याचं अर्धं उत्तर आजोबांकडून परस्पर मिळेल.

उरलेलं अर्धं तुम्ही द्या, आणि घाईत खोटं देऊ नका. "त्या दिवशी मला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं, म्हणून उठलो नाही" एवढं ११ वर्षांच्या मुलाला नीट कळतं. तो विचारेल, "देशावर रागावता येतं?" हो म्हणा. तो तुमच्यावर आठवड्यातून दोनदा तरी रागावत असणार, त्याला त्याचा अनुभव आहेच.

आणि पुढच्या सामन्याला जागा बदला. वडिलांच्या खुर्चीला लागून बसा. त्यांना उठताना हाताचा आधार लागतो, हे तुम्हीच लिहिलंय.

– ताई