सुरूदार खांबांतला सुरू कोणता?

पुण्यातील विश्रामबाग वाडा पाहून आलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, तेथील लाकडी खांबांना ‘सुरूदार’ का म्हणतात. सुरू हे तर कोकणच्या किनाऱ्यावरचे झाड आणि त्या झाडाशी या खांबांचे काहीच साम्य दिसत नाही. असे शब्द शिकण्यासाठी सचित्र पुस्तक कोणते घ्यावे, असाही त्यांचा प्रश्न आहे.

त्यांचे निरीक्षण अचूक आहे. ‘सुरू’ हा शब्द फारसीतील ‘सर्व’ या शब्दापासून आला असून मुळात तो सायप्रस वृक्षाचे नाव आहे. बुंध्याशी भरदार आणि शेंड्याकडे निमुळता होत जाणारा हा वृक्ष इराणी बागांत आणि मोगल चित्रांत जागोजागी दिसतो. किनाऱ्यावरच्या ज्या झाडाला आपण आज सुरू म्हणतो, त्याची आपल्याकडील लागवड एकोणिसाव्या शतकातली, म्हणजे पेशवाईतील वाड्यांनंतरची आहे. ते नाव त्याला मागाहून मिळाले. वाड्यातील खांब नीट पाहावा: खाली दगडी तळखडा, त्यावर पानांच्या नक्षीतून फुगीर होऊन वर उठलेला आणि वर जाता जाता बारीक होत गेलेला सागवानी दांडा. हा घाट सायप्रसचा आहे.

अशा दोन खांबांमध्ये जी पाकळ्यापाकळ्यांची कमान असते, ती महिरप. ‘कमान’ म्हणजे फारसीत धनुष्य. ‘महिरप’ हा शब्द अरबी ‘मिहराब’वरून, मशिदीतील कोनाड्याच्या नावावरून आला. मराठीने मात्र त्याला केवळ आकाराचे नाव केले, म्हणून गणपतीच्या मखराला महिरप असते, पानाभोवती रांगोळीची महिरप काढतात आणि गणितात महिरपी कंस येतो. कमान आणि महिरप यांतला फरक समजावून सांगायला मला शब्दांत परिच्छेद लागला असता. चित्रात तो एका दृष्टिक्षेपात कळतो.

म्हणूनच सचित्र कोशांविषयी मला फार आस्था आहे. फ्रेंच वास्तुकार व्हियोले-ल-द्यूक यांनी १८५४ ते १८६८ या काळात फ्रेंच वास्तुकलेचा दहा खंडांचा कोश प्रसिद्ध केला; त्यातील काही चित्रांत कमानीचे दगड एकमेकांपासून किंचित सुटे करून दाखवले आहेत, त्यामुळे कोणता दगड कशावर टेकतो हे स्पष्ट दिसते. आपल्याकडे राम राज यांचा हिंदू वास्तुकलेवरील इंग्रजी ग्रंथ १८३४ मध्ये लंडनहून निघाला, त्यात ४८ चित्रफलक आहेत. मात्र तो दक्षिणेकडील मंदिरांचा आहे, वाड्यांचा नव्हे.

इंग्रजी सचित्र कोश जरूर घ्यावा, पण त्यातील चित्रांत भागांची नावे दाखवणाऱ्या प्रत्येक बाणापुढे एकेक मराठी शब्द बसवत जाऊ नये. दाराच्या वरच्या आडव्या भागासाठी तेथे एक नाव मिळेल आणि आपण घाईने ‘गणेशपट्टी’ लिहून मोकळे होऊ. वास्तविक गणेशपट्टी ही गणपती कोरलेली पट्टी आहे, भार पेलणाऱ्या लाकडाचे ते सर्वसाधारण नाव नाही. ‘खण’ तर बाणाने दाखवताच येत नाही, कारण तो दोन खांबांमधला मोकळा अवकाश आहे आणि घराचे माप त्याच्यावरच सांगत, ‘पाच खणांचा सोपा’ (खांबांचे उघडे दालन) असे.

माझी पद्धत अशी आहे: वहीत खांबाचे चित्र स्वतः काढावे, मग भार जसा खाली उतरतो त्या क्रमाने नावे लिहावीत. माडीची जमीन पाटांवर (फळ्यांवर), पाट कड्यांवर (आडव्या बारीक लाकडांवर), कड्या तुळईवर (जाड आडव्या लाकडावर), तुळई खांबावर, खांब तळखड्यावर, तळखडा जोत्यावर (घराच्या चौथऱ्यावर). ‘कडीपाट’ हा जोडशब्द या क्रमातच उलगडतो. शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीनंतर आत मुख्यतः जोतीच राहिली आहेत, तेव्हा तो शब्द तेथे शिकावा. बाहेर पडताना दिल्ली दरवाजाच्या प्रचंड फळीतले लहान दारही पाहावे, त्याला दिंडी म्हणतात.